कार्ड जुने झाले, की नुसते नवे आले?

ग्राफिक्स कार्डांची नवी पिढी साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी बाजारात येते, आणि ती आली की गेम खेळणाऱ्या घरांत एकच विषय निघतो: आपले कार्ड आता बदलायचे का? हा प्रश्न किरकोळ नाही. मध्यम प्रतीचे नवे कार्ड आज तीस हजारांच्या घरात जाते, त्याच्या वरच्या पायरीवरचे आरटीएक्स ५०७० भारतात ५९ हजार रुपयांना जाहीर झाले, तर सर्वांत महागड्या आरटीएक्स ५०९० ची किंमत २ लाख १४ हजार रुपये ठेवली गेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तीस हजार म्हणजे कमावत्या माणसाचा महिन्याचा पगार. त्यातही पुष्कळदा कार्ड मागणारी कॉलेजात शिकणारी मुले असतात आणि पैसे मोजणारे आईवडील. म्हणून या खरेदीला नीट कसोटी लावायला हवी. माझे म्हणणे असे, की आपली गरज आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या कार्डावर टाकावी. जुने कार्ड किती वर्षांचे आहे, हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होत नाही. तुम्ही जो गेम खेळता, ज्या मॉनिटरवर खेळता आणि ज्या प्रोसेसरच्या जोडीने खेळता, तिथे ते कमी पडते आहे हे मोजून दिसले, तरच हात खिशात घालावा. असे मोजले, तर गेल्या पाच-सहा वर्षांत आरटीएक्स मालिकेतले किंवा त्याच्या तोडीचे कार्ड घेतलेल्या आणि फुल एचडीवर खेळणाऱ्या बहुतेकांना उत्तर मिळेल, ‘आत्ता नको.’

दर पिढीला कार्ड बदलण्याची सवय उगाच लागलेली नाही. एके काळी तो व्यवहार फायद्याचा होता. एनव्हिडियाचे जीटीएक्स ९८० सप्टेंबर २०१४ मध्ये ५४९ डॉलरला आले. दोनच वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०६० ने जवळपास तेवढीच ताकद २४९ डॉलरपासून देऊ केली. निम्म्याहून कमी पैशांत वरच्या वर्गाचे कार्ड मिळत असेल, तर ते का घेऊ नये? म्हणूनच १०६० लोकांनी इतके उचलले, की स्टीमच्या हार्डवेअर पाहणीत ते काही वर्षे पहिल्या क्रमांकावर टिकून होते. पुढे मात्र हे गणित बिघडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी मेमरी होती. जून २०२३ मधले आरटीएक्स ४०६० त्याच्यापेक्षा साधारण १५ ते २० टक्के वेगवान निघाले, पण मेमरी ८ जीबीवर आली. मे २०२५ च्या आरटीएक्स ५०६० वरही ८ जीबीच. वीस टक्के म्हणजे काय, तर जिथे सेकंदाला ५० फ्रेम मिळत होत्या तिथे ६० मिळणे. दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक दिसतो. खेळताना तो जाणवेलच असे नाही, आणि जुने कार्ड काढून टाकून तीस हजार घालावेत एवढा तर तो नक्कीच नाही.

यामागची कारणे उघड आहेत. अत्याधुनिक चिप बनवण्याचा खर्च दर पिढीला चढतो आहे. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये वाढत्या किमतींचे समर्थन करताना, चिप सतत स्वस्त आणि ताकदवान होत जाण्याचा मूरचा नियम आता संपला, असेच सांगितले होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०२१ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात या कंपनीची गेमिंगची विक्री सुमारे पावणेआठ अब्ज डॉलर होती आणि डेटा सेंटरची त्याहून कमी. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात डेटा सेंटरची विक्री ११५ अब्ज डॉलरवर गेली, गेमिंगची ११ अब्जांच्या आसपास राहिली. जो ग्राहक कंपनीचा मुख्य आधार होता, तो आता तिच्या धंद्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. अशा ग्राहकासाठी कमी पैशांत जास्त माल देण्याची घाई कुणाला असेल? इथे कंपनीवर राग काढण्याचा हेतू नाही. पण २०१६ चा हिशेब मनात धरून २०२६ मध्ये खरेदी करू नये, एवढे तरी यातून निघते.

ही कमी झालेली झेप जाहिरातीत दिसत नाही, कारण मोजमापच बदलले आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या सीईएस मेळाव्यात आरटीएक्स ५०७० हे ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी देईल, असे व्यासपीठावरून सांगितले गेले. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर होती, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारले. मग स्वतंत्र परीक्षकांनी कार्ड हातात घेऊन मोजले, तेव्हा ते साधारण ४०७० सुपरच्या पंक्तीला बसले. दावा उभा होता तो फ्रेम जनरेशनवर. या तंत्रात कार्ड दोन फ्रेम खरोखर तयार करते आणि त्यांच्या मध्ये एक ते तीन फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंदाजाने भरते. चित्र गुळगुळीत दिसते यात शंका नाही. पण त्या भरलेल्या फ्रेमना तुमच्या माऊसची खबर नसते. मूळ वेग सेकंदाला ३० फ्रेमचा असेल, तर पडद्यावर १०० चा आकडा झळकला तरी हातातली ढिलाई तिसाचीच राहते. उलट थोडी वाढते. मूळ वेग साठाच्या पुढे असेल तेव्हाच हे तंत्र खुलते. म्हणजे ज्याला खरी अडचण आहे त्याला ते फारसे वाचवत नाही, आणि ज्याला वाचवते त्याला मुळात मोठी अडचण नसते. उलट अपस्केलिंगचे तंत्र, म्हणजे कमी रिझोल्युशनवर चित्र बनवून ते मोठे करणे, ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेले डीएलएसएस ४ चे सुधारित अपस्केलिंग २०१८ पासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना फुकट मिळाले. एएमडीचे एफएसआर २ तर जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालते. आहे त्याच कार्डाला मिळालेली ही वाढ पुष्कळ लोक सेटिंगमध्ये जाऊन सुरूही करत नाहीत.

मग कार्ड कमी पडते आहे हे ओळखायचे कसे? एमएसआय आफ्टरबर्नरसारखे फुकट साधन घ्या आणि खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात तीन आकडे दिसतील असे करा: सेकंदाला किती फ्रेम, कार्डाचा वापर किती टक्के, कार्डाची मेमरी किती भरली. नेहमीचा गेम, नेहमीची जागा, जिथे अडखळते नेमकी तीच. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड पूर्ण जोर लावते आहे आणि मर्यादा त्याचीच आहे. पण वापर ६० टक्क्यांवर घुटमळतो आणि फ्रेम तरीही कमी, असे असेल तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहते आहे. खात्री करायची तर रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम झटक्यात वाढल्या तर दोष कार्डाचा. जिथल्या तिथे राहिल्या, तर तुम्ही साठ हजारांचे कार्ड बसवले तरी त्या तिथेच राहणार आहेत. दोन्ही चाचण्यांना मिळून अर्धा तास लागत नाही, तरी हे न करता कार्ड मागवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, याचे वाईट वाटते. इंटेलच्या आर्क बी५८० चे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी मेमरीसह आलेल्या या कार्डाची सगळीकडे वाहवा झाली. काही आठवड्यांतच परीक्षकांना आढळले, की जुन्या किंवा साध्या प्रोसेसरबरोबर लावले की काही गेममध्ये ते बरेच मागे पडते. म्हणजे ज्या कमी बजेटच्या ग्राहकासाठी ते बनवले, त्याच्याच जुन्या संगणकात त्याची ताकद पुरती उतरत नव्हती.

मॉनिटरचा विचार तर शेवटी होतो, खरे म्हणजे तो आधी व्हायला हवा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. कार्डाने १४० बनवली तरी डोळ्यांपर्यंत साठच पोहोचतात. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, फोर-केवर बरोबर त्याच्या चौपट. परीक्षणांत ज्या महागड्या कार्डांची चढाओढ रंगते, ती बहुधा या चौपट ओझ्याखाली. स्टीमच्या पाहणीनुसार आजही निम्म्याहून अधिक लोक फुल एचडीवरच खेळतात. शिवाय हेही तपासा, की १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणूनही विंडोजमध्ये तो ६० वरच तर ठेवलेला नाही ना, आणि केबल कार्डाऐवजी चुकून मदरबोर्डला तर जोडलेली नाही ना. या दोन चुका वाटतात त्याहून फार सर्रास होतात.

मोजल्यावर दोष दुसरीकडे सापडला, तर उपायही पुष्कळदा स्वस्त असतो. दोन पट्ट्यांऐवजी रॅमची एकच पट्टी लावलेली असणे, किंवा बायोसमध्ये एक्सएमपी बंद असल्याने रॅम कमी वेगाने चालणे, हे असेंबल केलेल्या संगणकांत नेहमी आढळते. एएमडीचा एएम४ मदरबोर्ड असेल, तर बायोस अपडेट करून बऱ्याचदा त्याच सॉकेटवर पुष्कळ नवा रायझन बसतो. आणि धूळ! आपल्याकडच्या हवेत वर्षभरात कॅबिनेटच्या जाळ्यांवर धुळीचा थर बसतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते, तेव्हा कार्ड ठरावीक मर्यादेपुढे तापले की स्वतःहून वेग कमी करते. साफसफाई आणि कार्डाची थर्मल पेस्ट बदलणे एवढ्याने ज्याचे भागेल, त्याला दुकानदाराने नवे कार्ड विकू नये.

आता आक्षेपांकडे वळू, कारण त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा, की जुनी कार्डे आता नुसती हळू राहिलेली नाहीत, ती बाद होऊ लागली आहेत. हे खरे आहे. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगची सोय कार्डातच असल्याशिवाय चालत नाहीत, दोन्हींची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. ज्याच्याकडे अशी कार्डे आहेत आणि ज्याला नवे मोठे गेम खेळायचे आहेत, त्याच्यापुढे गरज सिद्ध झालेली आहे; त्याला थांबायला सांगण्यात अर्थ नाही. जीटीएक्स १६५० ला ड्रायव्हर अजून मिळत असले, तरी त्याच्याबद्दलही हेच म्हणता येईल, कारण रे ट्रेसिंगची सोय त्याच्यातही नाही. पण याच कार्डांवर जो रोज रात्री व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळतो, त्याला घाई नाही. व्हॅलोरंट तर इंटेल एचडी ४००० वरही चालावा अशी त्याची किमान अट आहे. आरटीएक्स २०६० सुपर किंवा त्यापुढचे कार्ड असलेल्यांना आणखी एक आधार आहे. मोठे गेम बनवणाऱ्यांना २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ वर आणि अवघ्या १० जीबी मेमरीच्या एक्सबॉक्स सिरीज एस वर ते चालवावेच लागतात. ही यंत्रे बाजारात आहेत तोवर त्यांच्या तोडीच्या कार्डाला सगळे दरवाजे बंद होणार नाहीत.

दुसरा आक्षेप मेमरीचा. आठ जीबी आता अपुरी पडते, असे जाणकार सांगतात आणि अनेक नव्या गेममध्ये वरच्या सेटिंगवर ते दिसतेही. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला तेव्हा आठ जीबीच्या कार्डांवर त्याची दुर्दशा झाली होती. पुढच्या काही महिन्यांत निर्मात्यांनीच दुरुस्त्या केल्या आणि तीच कार्डे त्याला पुरू लागली. म्हणून आठ जीबीचे कार्ड हाताशी असेल, तर टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली आणून ते खुशाल वापरावे. सावल्या, धुके आणि रे ट्रेसिंग यांच्या सेटिंगही एकेक करून उतरवाव्यात; फ्रेमचा सर्वांत मोठा घास त्याच घेतात आणि धावपळीत त्यांचा फरक सर्वांत कमी दिसतो. मात्र नव्याने आठ जीबीचे कार्ड विकत घेणे मला चुकीचे वाटते. आरटीएक्स ५०६० टीआय आठ जीबीसह ३७९ डॉलरला आणि सोळा जीबीसह ४२९ डॉलरला आले. पन्नास डॉलर वाचवून कार्डाचे आयुष्य दोन-तीन वर्षांनी कमी करण्यात कसली बचत?

तिसरा आक्षेप ऐन आजचा आहे: किमती वाढत आहेत, मग आत्ताच घेतलेले बरे नाही का? डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, मायक्रॉनने तर ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करायचे जाहीर केले. गरज मोजून ठरली असेल, तर या परिस्थितीत टाळाटाळ करू नये, हे मान्य. पण गरज नसताना केवळ महागाईच्या धास्तीने घेतलेली वस्तू स्वस्त ठरत नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो खाणकामामुळे कार्डांचा दुष्काळ पडला होता आणि ‘पुढे मिळणारच नाही’ म्हणत लोकांनी छापील किमतीच्या दुप्पट मोजले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांनी इथेरियम खणणे संपले आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. आताची टंचाई तशीच ओसरेल असे मी म्हणत नाही. भीती हा मात्र खरेदीचा निकष होऊ नये. काहीजण वीज वाचेल म्हणूनही नवे कार्ड घ्यायला सांगतात. ३०६० ला १७० वॉट लागतात, ४०६० ला ११५. रोज तीन तास खेळले तर महिन्याला पाच युनिटची बचत, दहा रुपये युनिट धरले तर पन्नास रुपये. तीस हजार वसूल व्हायला पन्नास वर्षे लागतील.

राहिला छंदाचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. माणूस कॅमेऱ्यावर, दुचाकीवर, प्रवासावर हौसेने खर्च करतो. मग गेम खेळणाऱ्यानेच पै-पैचा हिशेब का द्यावा? द्यायलाच हवा असे नाही. स्वतःच्या कमाईतून, परवडते म्हणून घेतलेल्या कार्डाबद्दल कुणी कुणाला जाब विचारू नये. माझी कळकळ वेगळ्या माणसासाठी आहे: जो हप्त्यावर घेतो, घरच्यांना पटवून घेतो, आणि पहिल्याच रात्री त्याला दिसते की गेम होता तसाच अडखळतो आहे. हौसच करायची, तर त्याच तीस हजारांत १४४ हर्ट्झचा चांगला मॉनिटर येऊन वर कित्येक गेम येतात, आणि त्याचा आनंद पहिल्या मिनिटापासून कळतो. व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर किंवा संगणकावरच एआय मॉडेल चालवणे हे ज्याचे शिक्षण किंवा पोटापाण्याचे साधन आहे, त्याचा हिशेब अर्थातच निराळा. तिथे जास्त मेमरीचे कार्ड वेळ वाचवून पैसे परत करते.

घ्यायचे पक्के झाले, तरी किंमत कार्डाच्या खोक्यावर संपत नाही. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्तातल्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेले असले, तरी तो भार तो कायम पेलेल याची खात्री नसते. ५०७० एकट्यालाच २५० वॉट लागतात आणि त्यासाठी ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस सुचवलेला आहे. तो खर्च आधीच धरा. लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचे बिल आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी हात हलवत परतावे लागते. वापरलेले कार्ड घेत असाल तर विक्रेत्याकडे ते अर्धा तास गेममध्ये चालवून पाहा, तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा. आणि झेप मोठी घ्या: सध्याच्या कार्डाच्या निदान दीडपट, जमल्यास दुप्पट वेग मिळत नसेल, तर तो बदल पुढच्या पिढीसाठी राखून ठेवा. आरटीएक्स ३०६० आणि फुल एचडी मॉनिटर असलेल्याने या पिढीत काहीच घेऊ नये. जीटीएक्स १०६० किंवा १६५० वर नवे गेम खेळू पाहणाऱ्याने जरूर घ्यावे, फक्त आठ जीबीचे घेऊ नये.